दार कोण लावणार?

नाशिक रोड,
९ जुलै २०२५

॥ श्री स्वामी समर्थ ॥

प्रिय चतुरास,

पाकीट बघून दचकू नकोस. कोणी गेलेलं नाही. आषाढी एकादशीपासून मी चातुर्मासाचं व्रत म्हणून मोबाईल सोडला आहे. वांगं दर वर्षी सोडते, पण मला ते मुळात आवडतच नाही, म्हणजे देवाची फसवणूकच. कांदा सोडला तर घरात दोन-दोन भाज्या होतात आणि सिलिंडर लवकर संपतो. सून म्हणाली, "आई, असं व्रत पोथीत नाही." मी म्हटलं, "पोथी लिहिली तेव्हा मोबाईल नव्हता." आता कार्तिकीपर्यंत पत्रच. कागद नातीच्या वहीचा पाठकोरा आहे. मागचं गणित वाचू नकोस, ते चुकलेलं आहे.

पत्राचं कारण असं, की माझा भाचा सुनील आपल्या करंजमाळचा सरपंच झाल्यापासून त्याला काहीतरी भव्य करायचं आहे. यंदा दसऱ्याला गावच्या सत्याग्रहाचं पंच्याण्णवावं वर्ष. शंभरापर्यंत थांबा म्हटलं तर म्हणतो, "आत्या, तोवर माझी मुदत संपते." माळाईच्या देवळात तो प्रसंग जसा घडला तसा करून दाखवणार आहेत. बंद दार, पायऱ्यांवर बसलेले लोक, लाठ्या, सगळं. तुझे वडील गोटीरामकाका तर स्वतः बसलेले. गावात तेवढं जाणणारं आता तुझ्याशिवाय कोण आहे? तुला काय हवं ते सांग, मी सुनीलच्या कानावर घालते.

गुडघ्याला तिळाचं तेल लाव. मोहरीचं महाग आहे आणि उपयोग तोच.

तुझी शाळेपासूनची,
कलावती

❖

करंजमाळ, ता. दिंडोरी
२१ जुलै २०२५

प्रिय कले,

जय भीम. मागचं गणित वाचलं. अंगणवाडीत तीस वर्षं काढली, वाचल्याशिवाय राहवत नाय. हातचा घ्यायचा राहिलाय, पोरीला सांग.

काय हवं विचारतेस म्हणून सांगते. मला तिसरी पायरी हवी.

तुला ठाऊक आहे, पण लिहूनच टाकते. नाशकात काळारामाच्या दारात आपली माणसं बसलीत हे ऐकून आमच्या वस्तीतली अकरा जणं नवरात्रात माळाईच्या पायऱ्यांवर जाऊन बसली. म्हणणं एवढंच, की आम्हालाही आत घ्या. आतल्यांनी दार लावलं. नऊ दिवस ही माणसं तिथंच. माझा बाप तिसऱ्या पायरीवर होता. तिथंच काठी बसली आणि डावा हात कोपरातून गेला. पुढं जन्मभर तो हात सरळ झाला नाय. मला कडेवर घ्यायचा तो उजव्यावरच.

आणि दार उघडलं नाय, कले. नवरात्र संपलं, ती उठून घरी आली. पुढं कायदा झाला, त्यानंतरही बऱ्याच वर्षांनी दार उघडलं, तोवर बापानं धम्म घेतलेला. दार उघडं असताना आमच्यातल्या कुणाला आत जायचंच नव्हतं.

मलाही तुमची देवी नको. राग मानू नको, मी विहारात जाते. पण त्या दिवशी तासभर मला त्या पायरीवर बसायचंय. नाटकात का होईना, गोटीरामाच्या जागी गोटीरामाची लेक. दुसरं काय मागणं नाय.

चतुरा

❖

नाशिक रोड,
४ ऑगस्ट २०२५, श्रावणी सोमवार

प्रिय चतुरास,

तुझं पत्र देवापुढे ठेवून मग वाचलं. डोळे भरून आले. पायरीचं मी बोलले आहे.

सुनील परवा इकडे स्टेशनवर कुणाला तरी सोडायला आला होता, तसा घरी आला. मी म्हटलं, तिसरी पायरी चतुराची. तो म्हणाला, "आत्या, मला कळतं गं. पण गावात समान न्याय पाहिजे ना. आता सगळेच पायरी मागतात." त्याने खिशातून यादी काढली आणि मला विचारलं, "आपले आजोबा, म्हणजे तुझे आजोबा देवराम पाटील, सत्याग्रहात होते का?"

मी म्हटलं, "ते माळाईचे मोठे भक्त होते. नवरात्रात नऊ दिवस घरी यायचे नाहीत, देवळातच असायचे."

पोरगा एकदम उभाच राहिला. "नऊ दिवस? देवळात? आत्या, तू हे आजवर बोलली नाहीस!" मी पुढे बोलणारच होते, पण कुकरची शिट्टी झाली. परत आले तोवर तो चपला घालून निघालाही होता.

मी खोटं काहीच बोलले नाही, बरं का.

तुझी,
कलावती

❖

करंजमाळ,
१९ ऑगस्ट २०२५

प्रिय कले,

तू खोटं बोलली नाहीस. खरंच ते देवळातच होते. तुझं वाक्य आता एस.टी. स्टँडवर बॅनरवर लागलंय: 'सत्याग्रही कै. देवराम पाटील, सलग नऊ दिवस देवळाशी ठाण मांडून.' फेटाही बांधलाय त्यांना, कॉम्प्युटरवर.

सभा झाली. गावात तेव्हा घरं होती साठ. सत्याग्रहींची नावं आली एकशे चाळीस. सगळ्यांचेच आजे-पणजे पायऱ्यांवर. पायऱ्या पाच. मग चिठ्ठ्या टाकल्या. माझी चिठ्ठी निघाली वडाच्या पाराखाली, तेही उन्हातल्या बाजूला. तिसरी पायरी मयूरला. तो द्राक्षाच्या औषधांचं दुकान चालवतो तो. त्याचा आजा गावात आला तेव्हा देवळात ट्यूबलाईट होती. मी म्हटलं, "बाबा मयूर, तुझा आजा तर येवल्याकडचा." तो म्हणाला, "मावशी, मनानं तो इथंच होता."

लाठ्या फोमच्या आहेत. पहिली लाठी खायचा मान कुणाचा यावर दोन भाऊ बोलायचे बंद झालेत.

खरी गंमत पुढं. स्पीकरवाला सनी निवेदन करणार आहे. तो वही घेऊन म्हणाला, "बाहेरची माणसं झाली. आतली सांगा. दार कोण लावणार?"

कले, सभेत एवढी शांतता मी शोकसभेलाही पाहिली नाय. एकशे चाळीस माणसं, पण एकाचाही आजा आत नव्हता. शेवटी तुझा सुनील म्हणाला, "असं करू. त्या दिवशी जोराचा वारा होता. दार वाऱ्यानं लागलं."

सगळ्यांना पटलं! माना हलल्या. मी उठले. म्हटलं, "आणि माझ्या बापाचा हातही वाऱ्यानंच मोडला का?"

सनीनं लिहून घेतलं: वादळ.

चतुरा

❖

नाशिक रोड,
२ सप्टेंबर २०२५

प्रिय चतुरास,

काल गौरी जेवल्या. सोळा भाज्या केल्या, म्हणजे पाच पालेभाज्या आणि बाकी एकेक चमचा. देवीला नैवेद्याचा भाव कळतो, वजन नाही.

बॅनरचं वाचून मला ताप आल्यासारखं झालं. सुनीलला फोन करावा तर व्रत. सून तृप्ती म्हणते, "मी लावते, तुम्ही नुसतं बोला." पण ते व्रताला फसवणं झालं. म्हणून राहिलंय.

आजोबा माणूस वाईट नव्हते गं. मला पाटीवर श्री त्यांनीच काढून दिला. दुष्काळात कणगी उघडली, तुमच्या वस्तीतही धान्य दिलं, वरून ओतून का होईना. त्या काळी रीतच तशी होती. आता ते बॅनर उतरवायला लावलं तर घरात काय होईल? वहिनीला बीपी आहे.

तू तरी समजून घे. तिसरी पायरी काय आणि पार काय, दगड तोच. माळाईला सगळं दिसतं. पाराखाली बस, मी तुझ्यासाठी उशी पाठवते. जुनीच आहे, पण खोळ धुतलेली आहे.

तुझी,
कलावती

❖

करंजमाळ,
१५ सप्टेंबर २०२५

कलावतीस,

उशी नको. दगड तोच असता तर चिठ्ठ्या कशाला टाकल्या?

बातमी देते. वारा जमला नाय. द्राक्षबागेत फवारणीचा ब्लोअर असतो ना, ट्रॅक्टरला लावतात तो, तो आणून देवळासमोर चालू केला. दार हललं नाय. मयूरची टोपी गेली आणि मांडवाचा एक कोपरा उपटला.

मग तुझा भाचा छाटणीला आलेल्या पेठकडच्या मजुरांकडं गेला. त्यांचा मुकादम भिकन. त्याला म्हणाला, "दुपारपुरतं पाच जण आत उभे राहा, दार लावा, एक दिवसाची हजेरी देतो." भिकननं विचारून घेतलं, आत उभं राहून काय करायचं. मग म्हणाला, "नाय जमायचा दादा. आमाला बागेत अजून प्याला येगळा हाय. आमी मंग कोनाला बाहेर ठिवायचा?" आणि कात्री घेऊन वेलीकडं गेला.

परवा सगळी समिती माझ्या ओट्यावर आली. सुनील, मयूर, सनी. चहा घेतला. एकाच कपबशीच्या जोडातला, त्याचा फोटोही काढून घेतला. सुनील म्हणाला, "मावशी, तुम्हाला त्या प्रसंगाची सगळी माहिती. तुमच्याइतकं खरं कोण करणार? आतलं काम तुम्ही करा. नुसतं दार लावायचं, अडसर घालायचा, वीस मिनिटं थांबायचं. सनी माइकवरून 'आणि अखेर' म्हणाला की उघडायचं. मग पाहुणे आत, आरती, जेवण."

मी म्हटलं, "माझ्या बापाला ज्यांनी बाहेर ठेवलं, त्यांचं सोंग मी घेऊ?"

मयूर म्हणाला, "मावशी, कलाकाराला जात नसते."

मी हो म्हटलंय.

चतुरा

❖

नाशिक रोड,
२४ सप्टेंबर २०२५

प्रिय चतुरास,

घट बसले. नऊ दिवस मी फक्त फळ आणि भगर. दसऱ्याला माळाईला नैवेद्य दाखवल्यावरच सोडीन, असं या वेळी बोलले आहे, म्हणजे यावंच लागेल. सुनीलने मला देवराम पाटलांची नात म्हणून पुढच्या रांगेत खुर्ची ठेवली आहे.

तू हो का म्हणालीस? मला रात्रभर कळलं नाही. रागावली असशील तर मला बोल, पण ते काम करू नकोस. तू दार लावताना मला खुर्चीत बसून बघवायचं नाही.

उत्तर नाही पाठवलंस तरी येतेच आहे.

कलावती

❖

नाशिक रोड,
५ ऑक्टोबर २०२५

प्रिय चतुरास,

तू आत होतीस म्हणून बाहेरचं लिहिते. तू दार उघडलंस आणि लोंढा असा घुसला की मी नैवेद्याच्या ताटासकट भिंतीला चिकटले. सुटले तेव्हा शेवटची एस.टी. उभी होती. बोलणं राहिलं.

आधी आदल्या दिवसाचं सांगते. खंडेनवमीला मी माहेरी होते. तुला माहीत नसेल, आमच्या घरी त्या दिवशी विळा, कोयता, छाटणीच्या कात्र्या मांडतात आणि शेवटी एक लाकडी दांडकं ठेवतात. दोन-अडीच हात लांब, टोकं झिजलेली. मी लहानपणापासून त्याला हळद-कुंकू वाहिलं. कुणी विचारलं तर घरचे म्हणायचे, आजोबांचं हत्यार. सुनीलने त्यावर झेंडूचं फूल ठेवलं, हात जोडले आणि मग उचलून म्हणाला, "आत्या, देवळाला आता लोखंडी कडी आहे. उद्या अडसर म्हणून हे नेतो. काल लावून पाहिलं, अगदी मापाचं बसतंय, आश्चर्य आहे ना!"

चतुरे, मी माठाकडे वळले. नुसतं पाणी प्यायले.

तर दसरा. तू दार लावलंस. फोमच्या लाठ्या झाल्या. एक जण "जोरात मार ना, आजोबांना जोरात मारलं होतं" म्हणून शिपायाशी भांडला. घोषणा झाल्या. सनी म्हणाला, "आणि अखेर..."

दार बंदच. सनीने तीनदा 'अखेर' म्हटलं. तेव्हा आतून तुझा आवाज आला, "तेव्हा कुठं उघडलं होतं?"

सगळे हसले, टाळ्या पडल्या. त्यांना वाटलं, लिहिलेलंच आहे. मग तू म्हणालीस, "ज्याचा आजा, पणजा या दारामागं उभा होता, त्यानं पुढं येऊन नाव सांगायचं. मग उघडते. मला घाई नाय. आत थंड आहे आणि देवीची केळी आहेत."

सुनील दाराशी गेला. "मावशी, पाहुणे आलेत." "बसव त्यांना पायरीवर." पाहुणे हसून म्हणाले, त्यांना आणखी दोन गावांत सोनं वाटायचं आहे, आणि गाडीत बसले. त्यांच्यासाठी आणलेली शाल सनीच्या हातात तशीच.

मग खरं ऊन लागायला लागलं. मयूरच्या पायात गोळा आला, तो तिसऱ्या पायरीवर आडवा झाला. खोटे शिपाईही लाठ्या खाली घालून बसले. बायकांनी सतरंज्या आणल्या. जेवणाच्या पातेल्यांवर माशा बसू लागल्या. कोणीतरी चिडून दार बडवलं आणि ओरडला, "देवी काय एकट्याची आहे का? देवी सगळ्यांची आहे!"

तू आतून म्हणालीस, "बरोबर बोललास. माझा बाप हेच ओरडत होता. हात जरा खाली घे, तिथंच काठी बसायची."

त्यानंतर कुणी दार बडवलं नाही.

मी खुर्चीत होते. नऊ दिवसांचा उपास, पोटात आग. ताटातली पुरणपोळी वाळत होती. म्हणजे मी भुकेने उठले की लाजेने, ते माळाईलाच ठाऊक. खरं सांगते, दोन्ही सारखंच जाळत होतं. पायऱ्या चढले. मयूरला ओलांडलं. दाराच्या फटीला तोंड लावून हळूच म्हटलं, "चतुरे, माझे आजोबा. देवराम पाटील. आत होते."

तू म्हणालीस, "मोठ्यानं बोल कले, मला कमी ऐकू येतं."

कमी ऐकू येतं! पंचवटीच्या बाजारात पलीकडच्या गाड्यावरचा भाव ऐकणारी तू! आणि त्या मेल्या सनीने माइक आणून माझ्या तोंडाशी धरला. मग काय, साऱ्या माळावर गेलं, "माझे आजोबा देवराम पाटील आत होते. अडसर त्यांनी घातला. हाच अडसर. आम्ही घरी त्याची पूजा करतो."

तू दार उघडलंस तेव्हा तुझा चेहरा मला नीट दिसलाच नाही. चिडलेली होतीस की रडत होतीस? तेवढं कळव.

एक आणखी. सनीला काय सुचलं कोण जाणे. हातातली पाहुण्यांची शाल त्याने माझ्या खांद्यावर टाकली, नारळ दिला आणि माइकवर म्हणाला, "जोरदार टाळ्या!" टाळ्या पडल्या गं. आजोबांनी दार लावलं म्हणून मला शाल. ती मी अजून पिशवीतून काढलेली नाही. वापरावी तर लाज आणि टाकवत नाही, लोकरीची आहे.

तुझी,
कलावती

❖

करंजमाळ,
१४ ऑक्टोबर २०२५

प्रिय कले,

जय भीम. चिडले होते आणि रडतही होते, शिवाय केळी जास्त झाली होती. तू चढून येशील असं मला वाटलं नव्हतं. मला वाटलं होतं अंधार पडेल, भूक लागेल, आणि शेवटी मीच हरून उघडीन, पायरी गेली ती गेलीच.

आता त्या शालीनं काय केलंय ते वाच.

कोजागरीला समिती बसली, मसाला दूध ठेवून. पुढच्या वर्षीच्या जागा आत्ताच ठरवू म्हणे, भांडणं नकोत. सनीनं वही उघडली आणि विचारलं, "दार कोण लावणार?"

कले, एकशे चाळीस हात वर.

सगळ्यांचे आजे-पणजे आता आत होते. ज्याला पहिली लाठी हवी होती, तो म्हणतो त्याच्या पणजोबांनीच ती मारली. मयूरचा आजा तर खास दार लावायला येवल्याहून आला होता. मी म्हटलं, "आणि मग तिसऱ्या पायरीवर मनानं कोण होता?" तो म्हणाला, "मावशी, तो दुसरा आजा. आईकडचा." गाभाऱ्यात दाबून-चेपून पंधरा माणसं मावतात, म्हणून दाराला जोडून आत मांडव घालायचं ठरतंय. तुझा सुनील उठून म्हणाला, "ते काय ठरवायचं ते ठरवा. पण अडसराचा मान पाटलांच्या घराण्याचा, तो आम्ही सोडणार नाही." बॅनर बदललंय. फेटा तोच ठेवलाय, फक्त हातात दांडकं दिलंय.

तू लाजेनं बोललीस ते त्यांनी शालीत गुंडाळून मानाला बसवलं. मला वाटलं होतं, एकदा कुणी खरं बोललं की गाव खाली मान घालील. गावाची मान वरच.

मग सनीनं विचारलं, "बाहेर कोण बसणार?"

वही तशीच उघडी. दूध निवत होतं. सुनील म्हणाला, "बाहेर कोणी नसेल तर दार लावायचं कुणासाठी?" मयूर म्हणाला, "कटआउट ठेवू."

मी हात वर केला. म्हटलं, "तिसरी पायरी माझी." सनीनं विचारलं, "अजून कोणाचा दावा?" नव्हता. चिठ्ठी टाकावी लागली नाय.

पुढच्या दसऱ्याची वाट कोण बघतंय? मी दुसऱ्या दिवशी सकाळीच गेले. तिसऱ्या पायरीवर बसले, डाव्या अंगाला, जिथं बाप बसायचा. दगड गार होता. आत गेले नाय, जायचंही नव्हतं. तेव्हापासून रोज जाते, आंघोळ करून, तासभर. काय करते विचारशील. काय नाय. बसते.

काल सकाळी एक बाई ताट घेऊन चढत होती, गावात नवी सून आलेली. मला वळसा घालावा लागला तर वैतागली. म्हणाली, "अहो आजी, अशा वाटेत का बसलात?"

मी म्हटलं, "बाई, इथं वाटेतच बसायचं असतं."

चतुरा